डबा का फाडला?

माझ्या डोळ्यांसमोर कुटला नाही, तो मसाला माझ्या घरात शिजत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. उगाच पुढे कोणी म्हणायला नको की शिवा घाडी म्हातारपणी बिघडला. मी पहिल्यापासून असाच आहे.

आमच्या लालबागला उन्हाळ्यात मिरच्या घेऊन माणसं मसाला कुटायच्या डंकावर रांग लावतात. बाकीचे पिशवी देतात, नंबर लावतात आणि चहा प्यायला जातात. जा बाबांनो, खुशाल जा! तुमची बेडगी आत गेली आणि बाहेर काय आलं, ते त्या डंकवाल्यालाच माहीत. मी तिथून हलत नाही. मुसळं वर-खाली होतात, नाकातोंडात तिखट जातं, शिंकून शिंकून छाती दुखते, पण नजर माझ्या मिरचीवर. मालन, माझी बायको, अजून घरात मालवणीच बोलते. ती म्हणते, "तुमका देवान माणूस कित्याक केल्यान? कॅमेरो करूक व्हयो होतो."

चाळीत मला सीआयडी म्हणतात. म्हणू देत. आजवर मला कोणी टोपी घातली नाही, ती काय फुकट?

आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. लोअर परळच्या एका साहेबाची गाडी चालवली आणि रिटायर होताना तीच गाडी त्यांच्याकडून विकत घेतली. टर्बो डिझेल, फोर बाय फोर. चाळीतले हसले. म्हणाले, शिवादादा, बारा बाय दहाच्या दोन खोल्या आणि गाडी डोंगर चढणारी! पण आमचं घर कणकवलीच्या पुढे, टेकाडावर. शेवटचा चढ तांबड्या मातीचा, तिथे छोट्या गाड्या अर्ध्यातून मागे सरकतात. माझी गाडी कुरकुर न करता वर जाते. पण तिचं सगळं बळ त्या टर्बोत. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरागरा फिरणारं चक्र, आणि त्याला आधार कशाचा, तर ऑइलच्या पातळ थराचा. ऑइलमध्ये घाण गेली की टर्बो गेला, आणि टर्बो गेला की चढावर गाडी म्हणजे म्हातारी म्हैस. म्हणून ओंजळीत मावेल एवढ्या त्या ऑइल फिल्टरवर माझं फार बारीक लक्ष.

तर, गावी जायच्या आधी ऑइल बदलायचं चाललं होतं, गॅलरीत मिरच्या वाळत होत्या, आणि अशात आमच्या अपेक्षाने सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय.

अपेक्षा आमची एकुलती एक. परळला एका लॅबमध्ये काउंटरवर असते, लोकांना रिपोर्ट देते. तिशी उलटली तिची. आधी आलेली स्थळं मीच परत पाठवली होती. एकाचं घर फोटोत फारच स्वच्छ दिसत होतं. एक जण मी बोलेन त्याला हो म्हणत होता. अहो, सगळ्याला हो म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोच! तेव्हा अपेक्षा काही बोलली नव्हती. या वेळेला मात्र पाटावर बसून, माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"पप्पा, हा मी बघितलाय. मला आवडलाय. याला परत पाठवलात तर मी पुन्हा कोणाला दारात आणणार नाही. आणि तुम्ही आणलात तर मी बघणार नाही."

"बरं. नाव?"

"धनेश. धनेश मेस्त्री. आपल्या कुडाळकडचाच आहे."

"करतो काय?"

"स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिरगावच्या टोकाला, त्या गल्ल्या आहेत ना, तिथे."

मी चहाचा कप खाली ठेवला. स्पेअर पार्टवाला! मुंबईत एवढी माणसं आहेत, बँकेत आहेत, पोस्टात आहेत, हिला स्पेअर पार्टवाला सापडला! अख्ख्या नोकरीत मी त्यांच्याशी भांडत आलो. ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट देतील, नवं म्हणून पॉलिश मारलेलं जुनं देतील, वर तोंडाने 'गणपतीची शप्पथ' म्हणतील.

"मी त्याच्याकडून फिल्टर आणतो," मी म्हटलं. "मी कोण ते त्याला सांगायचं नाही. फिल्टर बरोबर दिला, तर पोरगी दिली."

मालन कपाळावर हात मारून म्हणाली, "फिल्टरावरून पोरीचा लगीन ठरवतास?"

"लोक पत्रिकेवरून ठरवतात. त्यापेक्षा बरं."

अपेक्षा मात्र हसली. "जा, बघाच जाऊन. तो तुमच्यापेक्षा खडूस आहे." तिला खात्री होती. तिच्या तोंडावरच दिसत होती ती.

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकान म्हणजे एक चिंचोळा गाळा, दोन्ही बाजूंना तसेच गाळे चिकटलेले, माणसं अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. धनेश काउंटरमागे उभा. काळासावळा, चष्मा, बोटांना ग्रीस. चेहरा वाईट नव्हता. पण चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, चोरांचे चेहरे काय वाईट असतात?

"ऑइल फिल्टर दे," मी म्हटलं आणि गाडी सांगितली.

"टर्बो की साधी? फोर बाय फोर आहे? साल कुठलं?"

"तुला काय करायचंय? दे ना कुठलातरी."

"कुठलातरी देत नाही, काका. आरसी दाखवा, नाहीतर जुन्या फिल्टरचा फोटो." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. खडूस म्हणजे खरंच खडूस.

आरसीवर माझं नाव, म्हणून मी फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून नंबर वाचला, आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. दोन्ही उघडून फिल्टर शेजारी शेजारी ठेवले. उंची तीच, रंग तोच, जुळी भावंडंच जणू.

"आटे दोघांचे जुळतात," तो म्हणाला. "फिरवलात तर दोन्ही बसतील, एक थेंब गळणार नाही. पण हा याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलचा. याची आतली झडप लवकर उघडते, मग न गाळलेलं ऑइल सरळ पुढे जातं. पेट्रोलला एक वेळ चालेल, टर्बोला नाही. हा दुसरा तुमचा. याच्यात रबर पण चांगलं आहे. गाडी बंद केली की ऑइल खाली उतरू देत नाही. नाहीतर सकाळी स्टार्ट मारल्यावर टर्बो कोरडाच फिरतो."

हे मला माहीत होतं. पण त्याला माहीत आहे का, ते बघायचं होतं. मग मी दुसरा खडा टाकला.

"पेट्रोलवालाच दे. स्वस्त असेल ना? बसतो म्हणतोस, मग झालं."

"नाही देणार."

"अरे, गाडी माझी, पैसे माझे!"

"गाडी तुमची आहे, काका, पण टर्बो गेल्यावर शिव्या मला पडतील. दुसऱ्या दुकानातून घ्या."

खरं सांगतो, पोरगा आवडला मला. मनात म्हटलं, अपेक्षे, पास झालीस. आणि मनात आलं ना आलं, तोच मी सावध झालो. इतकं बरोबर कोण बोलतं हो? माझ्या मनातलं वाक्य माझ्याआधी?

तेवढ्यात त्याने तो प्रकार केला. माझा फिल्टर काउंटरवर ठेवला, त्याचा रिकामा डबा हातात घेतला आणि टराटरा फाडला. नवा कोरा डबा! झाकण वेगळं, कडा वेगळ्या, मधला भाग चुरगळून टाकला. काउंटरखाली एक गोणी होती, ती असल्याच फाटक्या डब्यांनी भरलेली.

"अरे! डबा का फाडला?"

"सवय आहे."

"डब्यावर नंबर असतो, तारीख असते."

"फिल्टरवर पण आहे. हे बघा, छापलेलं."

"मग डबा द्यायला काय झालं होतं?"

त्याने डावीकडच्या दुकानात बघितलं. मग उजवीकडच्या. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "राहू दे ना, काका. तुम्ही फिल्टर बघून घ्या." फिल्टर पेपरात गुंडाळून, बिल लावून त्याने माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "बोला."

घरी येईपर्यंत माझं डोकं नुसतं फिरत होतं. डबा का फाडला? पुरावा नको म्हणून. इकडेतिकडे का बघितलं? कोणी ऐकू नये म्हणून. आवाज खाली का आणला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

संध्याकाळी अपेक्षा लॅबमधून आली ती हसतच. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "मग? दिला ना बरोबर?"

"दिसायला तरी बरोबर दिला."

"म्हणजे?"

"डबा का फाडला त्याने?"

मी सगळं सांगितलं. तिने खांदे उडवले. "त्यात काय? मी आत्ता विचारते त्याला."

"खबरदार! विचारलंस की तयार उत्तर मिळेल. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर नेहमी तयार असतं. खरा माणूस गडबडतो."

"पप्पा, काहीतरीच."

"काहीतरीच? बरं. त्याच्या घरी गेलीस कधी?"

"आई गावी असते त्याची. घर दिवसभर बंद. जाऊन काय करू?"

"म्हणजे नाही गेलीस. दुकान त्याचंच ना? पाटीवर तर वेगळंच नाव आहे."

"मामाचं आहे. मामाने चालवायला दिलंय त्याला."

"बघ."

"बघ काय?"

"मी काही म्हटलं नाही. मी फक्त बघ म्हटलं."

मालन आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. "पोरीच्या डोक्यात किडो घालू नकात! कावीळ झालेल्याक सगळा पिवळा दिसता, तसा झालाहा तुमचा."

"मी तिच्या भल्यासाठी बोलतो."

"भल्यासाठी बोलणारो मेलो तो. गप रवा!"

अपेक्षा तेव्हा माझ्याशी भांडली, भरपूर भांडली. म्हणाली, तुम्हाला जगात कोणीच खरं दिसत नाही. म्हणाली, तुम्ही आजोबांच्या तेराव्याला भटजींच्या दर्भाची जुडी मोजली होतीत. मोजली होती, त्यात काय चुकलं? पण हळूहळू तिचं भांडण कमी झालं. त्या आठवड्यात ती धनेशचं नाव घेईनाशी झाली. फोनवर बोलायला गॅलरीत जायची, ती लवकर आत यायची. एकदा जेवताना मध्येच थांबून मला म्हणाली, "पप्पा, दुकानाचे पेपर मामाच्या नावावर असले, तर उद्या मामाने काढून घेतलं तर?" मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी विचार करायला लागली.

आता कोणी म्हणेल, झालं ना तुझ्या मनासारखं, गप बस. पण संशय म्हणजे खाज. नख लावल्याशिवाय जात नाही. मला पुरावा हवा होता. धनेशचा फिल्टर डुप्लिकेट आहे हे दाखवायचं, तर शेजारी एक ओरिजिनल ठेवायला पाहिजे. म्हणून मी मुद्दाम एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचा दरवाजा, एसी, शर्टाला नावाची पट्टी लावलेला माणूस. तोच नंबर सांगितला. त्याने डबा दिला, अगदी कडक, कोरा, होलोग्राम चकाकतोय, तारीख, नंबर, सगळं जिथल्या तिथे. 'थँक यू, सर' म्हणाला. याला म्हणतात दुकान, मी म्हटलं.

रविवारी दुपारी अपेक्षा बाहेर पडली. कुठे, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. धनेशला भेटायलाच गेली असणार. मी हेक्सा ब्लेड काढलं, गॅलरीत गोणपाट अंथरलं आणि फिल्टर पायाखाली धरला.

"काय करतास?" मालन धावत आली.

"कापतोय."

"नवो कोरो फिल्टर कापतास? येड लागलाहा काय तुमका? आणि त्या मिरच्यांत लोखंडाचो भुगो गेलो तर?"

"मिरच्या आत घे."

ती शिव्या घालत मिरच्या आत घेऊ लागली. मी आधी धनेशचा कापला. पत्रा जाड, ब्लेड अडकत होतं, घाम फुटला. झाकण निघालं. आत कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या, भटांच्या घरच्या धोतरासारख्या. रबर मऊ, बोटाने ओढलं की परत जागेवर. झडपेची स्प्रिंग दाबून बघितली, अंगठा दुखला. मी म्हटलं, बरं, डुप्लिकेटवाले हुशार झालेत. आता ओरिजिनल बघू.

एसीतल्या दुकानाचा फिल्टर उभ्या-उभ्या कापला गेला. पत्रा म्हणजे बिस्किटाचा डबा. आत मोजक्या घड्या, त्याही एकमेकींना चिकटलेल्या, कडेला गोंदाचे ओघळ. रबराच्या जागी काहीतरी काळं, वाकवलं तर कडकन मोडलं. स्प्रिंग तर बॉलपेनातली शोभेल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

आईचा घो! मी दोन्ही तुकडे हातात धरून बसलो. डोळे चोळून पुन्हा बघितलं. फाडलेल्या डब्यातला अस्सल, आणि कडक डब्यातला नकली. हे कसं काय?

तेवढ्यात रामजी आला. रामजी आमच्या चाळीचा भंगारवाला, दर रविवारी फेरी मारतो. मालननेच त्याला हाक मारली होती, "हो पत्रो घेऊन जा रे," म्हणून. मला राग आलाच होता, तो मी त्या होलोग्रामवाल्या डब्यावर काढायला गेलो.

"ओ दादा, ओ दादा, फाडू नका!" रामजी ओरडला. "डबा मी वेगळा घेतो. पत्र्याच्या वर पैसे देतो त्याचे."

"पुठ्ठ्याचे पैसे?"

"पुठ्ठा नाही, आख्खा डबा. स्टिकर शाबूत पाहिजे. आमच्या गोडाऊनवर माणूस येतो, असले कडक डबे निवडून नेतो."

"कशाला?"

रामजी माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही ड्रायव्हर ना, दादा? रिकामा डबा कोण रिकामा ठेवतो?"

मी डबा हातातून खाली ठेवला. म्हणजे अस्सल डबा भंगारात जातो, तिथून उचलला जातो, त्यात नकली माल भरला जातो आणि तो एसीत बसून 'थँक यू, सर' करून विकला जातो. म्हणून तो पोरगा डबा फाडत होता! त्याच्या दुकानातला एकही डबा असल्या धंद्याला मिळू नये म्हणून. आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली का आणला? कारण शेजारीपाजारी हे धंदे करणारे बसलेले असतील, त्यांच्यासमोर तो काय भाषण देणार?

"मालन!" मी ओरडलो. "मालन गो! पोरगा अस्सल आहे!"

"काय झाला?"

"अस्सल! सोळा आणे! लग्न ठरलं समज!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "बरा झाला. देव पावलो." तिने रव्याचा डबा काढला, शिरा करायला घेतला. मी दोन्ही फिल्टर टेबलावर मांडले, अर्धे-अर्धे, आतलं दिसेल असे. शर्ट बदलला. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा पण झाला नव्हता. मनात म्हटलं, उद्याच त्या पोराच्या दुकानात जातो, नाव सांगतो, आणि काय ते एकदा तोंड भरून बोलतो.

दिवे लागायच्या वेळेला अपेक्षा आली. चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली, आणि भिंतीला टेकून बसली.

"अपेक्षा, ऐक," मी म्हटलं. "माझा होकार आहे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? धनेशला! पोरगा हिरा आहे. उद्याच बोलावू त्याला घरी."

मालन कढई तशीच ठेवून दारात आली.

"मी सांगून आले त्याला," अपेक्षा म्हणाली. "थांबूया म्हणून."

"थांबूया? का?"

"मी विचारलं सगळं. दुकान, मामा, घर, आई. डब्याचं पण विचारलं. त्याने सगळं सांगितलं."

"मग? डब्याचं सांगितलं ना त्याने? भंगारवाले डबे नेतात म्हणून?"

तिने मान वर केली. "हो. तेच सांगितलं. एका दमात सांगितलं. पप्पा, तो एकदाही गडबडला नाही."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मग मी त्याचा फोन मागितला," ती म्हणाली. "त्याने दिला. मी सगळा बघितला, तिथेच चौपाटीच्या कठड्यावर बसून. काही नव्हतं त्यात. आणि काही नव्हतं म्हणून मला जास्तच भीती वाटली. वाटलं, पुसून आला असेल. मग तो म्हणाला, अजून काय बघायचंय ते बघ. मी म्हटलं, आता मला काहीच दिसत नाही, धनेश. मग तो उठून गेला. भांडला पण नाही." तिचा आवाज फुटला. "मला तो आवडतो हो, पप्पा. अजून आवडतो. पण तो बोलायला लागला की माझ्या डोक्यात दुसरंच कोणीतरी बोलतं."

ते दुसरं कोण, ते मला कळलं होतं. मालनलाही कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे मला घालायला एकही शिवी नव्हती.

"अगं वेडे, तो खरं बोलला!" मी म्हटलं. "मला आजच कळलं. रामजीने सांगितलं. पोरगा शंभर टक्के खरा आहे!"

"आज कळलं?"

"आज. दुपारी."

ती सरळ बसली. डोळे पुसले. आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी ओळखतो. डंकासमोर उभा असतो तेव्हा माझी तीच असते.

"आठवडाभर तुम्ही नाही म्हणत होता," ती म्हणाली. "आज मी त्याला सोडून घरी येते, आणि तुम्ही हो म्हणता. डब्याचं जे त्याने मला सांगितलं, तेच तुम्ही मला सांगता. त्याने फोन केला ना तुम्हाला?"

"नाही गं! देवाशप्पथ नाही. हे बघ, मी दोन्ही फिल्टर कापले. हा धनेशचा, बघ घड्या कशा आहेत. आणि हा त्या मोठ्या दुकानातला, बघ, वरून कीर्तन आतून तमाशा!"

तिने दोन्ही तुकडे हातात घेतले. नीट बघितले. रबर ओढून बघितलं, स्प्रिंग दाबून बघितली. मग परत टेबलावर ठेवले.

"कुठला कोणाचा, ते मी कशावरून मानू?"

"अगं, तुझ्या आईसमोर कापले मी! मालन, सांग हिला!"

"माझ्यासमोरच कापल्यानी, बाय," मालन म्हणाली.

"आणले कुठून ते बघितलंस तू, आई?"

मालन कुठून बघणार? ती घरी होती.

"बरं, थांब," मी म्हटलं. "तिसरा आणू. उद्या. धनेशच्या दुकानातूनच आणू आणि तुझ्यासमोर कापू. मग तर झालं?"

"आणि तो आणणार कोण? तुम्ही?"

तिच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

ती उठून आतल्या खोलीत गेली. मालनने गॅस बंद केला आणि भांड्यांकडे तोंड करून उभी राहिली. शिरा तसाच कढईत होता. मला वाटलं, त्या पोराशी बोलायला पाहिजे. आत्ताच. हात जोडून सांगायला पाहिजे की तुझं काही चुकलं नाही, उठून गेलास तसा कायमचा जाऊ नकोस, जरा दम धर, पोरीला जरा वेळ दे. बिलावर दुकानाचा नंबर होता. मी बिल शोधलं, फोन हातात घेतला, आणि मग लक्षात आलं की मी त्याच्याशी एक शब्द जरी बोललो, तरी अपेक्षाचं म्हणणं खरं ठरेल.

"कोणाला फोन करताय, पप्पा?" आतून तिचा आवाज आला.

"कोणालाच नाही," मी म्हणालो. आणि खरंच नव्हतो करत.